गोटी माझ्यावर झोपेना

मित्रांनो, मी पाळणाघरातली एक जुनी गादी आहे. चार वर्षांचं मूल हातपाय पसरून मावेल, एवढीच माझी लांबी. कोपऱ्यावर लाल दोऱ्याने चारचा आकडा शिवलेला आहे, म्हणून सगळे मला चार नंबर म्हणतात. माझ्या आयुष्यात एक गोष्ट अशी घडली, की ती मला तेव्हा समजली नाही आणि आजही पुरती उमगलेली नाही.

गादीवाल्याने कापूस पिंजला, खोळीत भरला, काठीने झोडपून सारखा केला आणि लांब सुईने टाके घातले, तेव्हा मी झाले. मार खाऊन मऊ व्हायचं, हेच माझं पहिलं शिक्षण. मग बाकीच्या अकरा गाद्यांबरोबर मी पाळणाघरात आले. दुपारचं जेवण झालं की मावशी पडदे ओढायच्या, आम्हाला रांगेत अंथरायच्या आणि मुलांच्या पाठीवर थोपटत फिरायच्या. चार नंबरवर झोप पटकन लागते, असा माझा लौकिक होता. माझ्यासाठी मुलांची भांडणं होत. खोटं कशाला बोलू, मी जरा फुगलेच होते.

त्या वर्षी मी गोटीच्या वाट्याला आले. गोल चेहऱ्याची, सतत गडगडत हिंडणारी मुलगी. पाठ टेकली की घोरायला लागायची. एकदा ती आठ दिवस आलीच नाही. आली ती वेगळीच होऊन. माझ्यावर ताठ बसून राहिली. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटे काढायची. शेजारचा मुलगा झोपला, तर तिने त्याच्या पापण्या बोटांनी उघडल्या. तो रडला, मग सगळी खोलीच रडली.

मला वाटलं, चूक माझीच. कापसाच्या गाठी झाल्या असतील. मावशींनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी मला उन्हात टाकलं, झोडपलं, खोळ बदलली, शेवटी कापूससुद्धा पुन्हा पिंजून आणला. गोटी बसलेलीच. तिची आई सांगायची, घरीही हेच चाललंय, रात्री थकून कोसळते तेव्हाच काय ती झोपते. डॉक्टरांनी तपासलं, त्यांना काही सापडलं नाही. वडील म्हणाले, पोरगी हट्टी झाली आहे. मुलांना गोष्टी सांगणारी गोटी आता कुणाशी बोलेना. एके दिवशी ती झोपाळ्यावर पेंगली आणि तोंडावर पडली. ओठ फाटला.

मग मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं आणि तिच्यासाठी नवी फोमची गादी आणली. गोटी तिच्यावरही तशीच ताठ बसली. हे ऐकून मला आनंद व्हावा की वाईट वाटावं, तेच कळेना. दोष माझा नव्हता, हे खरं. पण मग कुणाचा होता?

एका दुपारी मावशींना कणकण होती. त्यांनी मला ओढून गोटीच्या शेजारी अंथरलं आणि घटकाभर कलंडल्या. त्यांचे डोळे मिटतात न मिटतात तोच गोटी त्यांच्या अंगावर झेपावली. दंड धरून गदागदा हलवू लागली.

"मावशी, झोपू नको. झोपलं की न्यायला येतात."

मावशी उठून बसल्या. "कोण येतं गं?"

"आबांना नेलं. आई म्हणाली, आबा झोपलेत. मी किती हाका मारल्या, उठलेच नाहीत. मग माणसं आली आणि घेऊन गेली."

मावशींनी तिला जवळ ओढलं. तिचा हात हातात धरून बसल्या.

संध्याकाळी आई न्यायला आली, तेव्हा मावशींनी तिला सगळं सांगितलं. आई माझ्यावरच बसली. आबा म्हणजे तिचे वडील; ते गेल्याचं तिला स्वतःलाच सोसवत नव्हतं, म्हणून तोंडाला आला तो सोपा शब्द तिने पोरीला सांगितला होता. तिने गोटीला मांडीवर घेतलं.

"आबा झोपले नव्हते बाळा. आबा वारले. त्यांचं हृदय बंद पडलं. मी तुला चुकीचं सांगितलं. झोपलेलं माणूस उठतं."

"मग आबा उठणार नाहीत?"

"नाही."

गोटीने हंबरडा फोडला. मी पार गोंधळून गेले. एवढं कडू सांगितल्यावर ही पोर आता जन्मात झोपायची नाही, असं मला वाटलं. फोमची गादी सोडून ती आता पुन्हा माझ्यावर येऊन बसायची. पुढचे काही दिवस ती वरचेवर रडायची आणि तेच तेच प्रश्न विचारायची. मावशी दर वेळी तेच खरं उत्तर द्यायच्या, कंटाळायच्या नाहीत. रोज त्याच वेळी हातपाय धुणं, पडदे, एक छोटी गोष्ट आणि मग मावशींचं वचन, की मी इथेच बसते, चार वाजता तुला उठवते. मावशींच्या छातीवर कान ठेवून गोटी आतली धडधड ऐकायची. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवायची.

नवव्या दुपारी बसल्या बसल्या तिची मान कलली. तिचं सगळं ओझं माझ्यावर आलं. चार वाजता मावशींनी हाक मारली, तशी ती दचकून उठली. शेजारची मुलं, मावशी, सगळे जागच्या जागी होते. तिने पाणी मागितलं.

खरं बोलल्याने ती रडली आणि रडून झाल्यावर झोपली, हे कोडं माझ्या कापसाच्या डोक्याला अजून सुटलेलं नाही. पण मित्रांनो, एवढं मी पाहिलंय. झोप येत नसेल तर मनात काय आहे ते कुणाला तरी सांगा. ते वेड्यासारखं वाटलं तरी सांगा. आणि तुमच्या घरच्या मोठ्यांना माझा एक निरोप द्या. मूल झोपत नसेल तर खुशाल गादी झटका, पण आधी त्याला विचारा, कशाची भीती वाटते? आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.