भोरड्यांवर एक कायदेशीर गोळी

आमच्या वकीलसाहेबांना कोणी साधा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा पडतो. बांधाचं भांडण, भावाभावांची वाटणी, असल्या गोष्टींत त्यांचा जीव रमत नाही. म्हणून पंचावन्न सालच्या पौषात रामनिवास शेटजी जालन्यात मस्तगडच्या आमच्या घरी येऊन बैठकीत बसले आणि "रायफलनं पाखरं मारली तर कायद्यात बसतं का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा हे लगबगीनं आत आले आणि मला म्हणाले, "अरुंधती, चहा कर. दूध जरा सढळ हातानं घाल." इतके खुश मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिले नव्हते.

शेटजी माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकते. जुन्या जालन्यात त्यांची धान्याची आडत होती, तीन पिढ्यांची. आवाज चढवून बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. घरात मुंगी मेली तर त्या दिवशी त्यांच्या पत्नी धापूबाई एक वेळ जेवत नसत, आणि वारुळांवर साखर घालायला रोज सकाळी एक माणूस जायचा. अशा घरातून रायफलचा प्रश्न आला होता.

प्रश्न खरं तर शेटजींचा नव्हताच. तो बाहेर पायरीवर बसला होता. मंठ्याच्या रस्त्याला शेटजींचं शेत होतं आणि ते कडूबा बटईनं करायचा. बैल त्याचे, राबणं त्याचं, आणि खळ्यावर रास झाली की निम्मी शेटजींची, निम्मी त्याची. त्या निम्म्यावर कडूबा आणि त्याची बायको गोजरबाई वर्षभर भाकरी खात. यंदा शाळू असा आला होता की कणसाला हात लावला तर बोटं दुधानं भरायची. आणि नेमक्या तेव्हाच भोरड्या उतरल्या. काळ्या-गुलाबी दिसायला मोठ्या देखण्या, पण थव्यानं बसल्या की तासाभरात कणसाची नुसती पिशी ठेवतात.

"हिकडून हाकलल्या का तिकडं बसून राह्यल्या," कडूबा पायरीवरून सांगत होता. "गोफण फिरवून खांदा उतरला. गोजरबाई डबा बडवून राह्यली दिवसभर. शेत लांबलचक, आम्ही दोघंच. काय पुरं पडावं?"

"म्हणून म्हटलं, आपल्याकडे रायफल हाय ना," शेटजी म्हणाले. "नुस्ती टांगलेली. पण बिलकुल कायद्यानं पायजे, वकीलसाब. आपल्याला गैरकानूनी काम नको."

ही रायफल रझाकारांच्या धामधुमीनंतर घेतलेली. परवान्यावर लिहिलं होतं, जीव आणि दुकान यांच्या रक्षणासाठी. दसऱ्याला तिला हळदकुंकू आणि झेंडूचा हार मिळे. गोळी मात्र अजून मिळाली नव्हती.

वकीलसाहेबांनी पुस्तकं काढली. दुपार कलली तरी काढतच होते. मग त्यांनी गुंता समजावून सांगितला, आणि तो त्यांना इतका आवडला की दोनदा सांगितला. परवाना शेटजींच्या नावाचा, म्हणून रायफल चालवण्याचा हक्क फक्त शेटजींना. पण शेटजींना जीवहत्या धर्मानं मना. कडूबाला धर्माची काही अडचण नव्हती, पण त्यानं त्या रायफलला हात लावला तर तो गुन्हा. शिवाय परवान्यात दुकान होतं, शेत नव्हतं. आणि शेत घातलं तरी भोरडी ही पिकाची शत्रू आहे असं कोणत्या खात्यानं ठरवलंय, हाही एक मुद्दा होताच.

मी चहाचे पेले उचलायला आले होते. मला राहवलं नाही. "शेटजी, चार बाया लावा ना पंधरा दिवस. डबे वाजवतील. रायफल कशाला?"

शेटजी हसले. लहान मुलाकडे पाहून हसतात तसे, पण प्रेमानं. "वहिनी, राखण बटईदाराची असते. रिवाज हाय. मी माणसं लावली तर बाकीचे बटईदार उद्या दारात येतील. रायफलचं वेगळं. ती घरचीच हाय, तिचा खर्चा न्हाई."

"शेट, मला रायफल नगं," कडूबा म्हणाला. "दोन मान्सं द्या."

"अरे, मोठ्यातली मोठी चीज देऊन राह्यलो तुला," शेटजी म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. कडूबानं मुंडासं सारखं केलं. त्याला चहा मी नेऊन दिला, कारण तो पायरीवर बसलाय हे बैठकीतून दिसत नसावं.

मग अर्ज गेला. वकीलसाहेबांनी तो औरंगाबादेला धाडला आणि घरात असे वावरू लागले जणू भोरड्यांनी त्यांनाच वकीलपत्र दिलंय. एका कचेरीनं तो दुसरीकडे ढकलला, दुसरीनं तिसरीकडे. तिसऱ्या कचेरीतल्या कोणी विद्वानानं लिहून पाठवलं की हा पक्षी टोळ खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र आहे. पण तो ज्वारीही खातो, म्हणून शत्रूही असू शकतो. तरी खात्रीसाठी पक्ष्याचा नमुना पाठवावा.

"पण नमुना पाठवायला पाखरू मारावं लागेल," मी म्हटलं.

"तोच तर मुद्दा आहे!" वकीलसाहेब म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "परवानगीशिवाय मारता येत नाही आणि मारल्याशिवाय परवानगी नाही. यावर वरपर्यंत जाता येईल."

वरपर्यंत जावं लागलं नाही. कडूबानं दुसऱ्या दिवशी धोतराच्या सोग्यात दोन भोरड्या आणून आमच्या ओसरीवर ठेवल्या. गोफणीनं पाडल्या होत्या. गोफणीला परवाना लागत नाही, हे वकीलसाहेबांना माहीत होतं, फक्त आठवलं नव्हतं. शेटजी डोळ्यांवर हात घेऊन बाहेर गेले आणि "मला सांगू नका, कोणी पाडल्या ते सांगू नका" म्हणत अंगणात उभे राहिले. नमुना मीठ लावून पत्र्याच्या डब्यातून रवाना झाला. तिकडून उत्तर आलं की नमुना ओळखण्याच्या स्थितीत नाही.

इकडे कडूबाच्या रानात कणसं ओळखण्याच्या स्थितीत राहिली नव्हती. मळ्याच्या उगवतीची पट्टी साफ झाली. गोजरबाईनं माझ्या बहिणीच्या, सुहासिनीच्या घरचं सारवणाचं काम सोडलं आणि ती दिवसभर रानात डबा बडवत राहिली. एकदा ती आली तेव्हा तिचा घसा इतका बसला होता की बोलताना नुसती हवा येत होती.

अखेर परवानगी आली. रायफल परवानाधारकानं जातीनं चालवावी, दिवसाउजेडी, दोन पंचांसमक्ष, नळी गावाकडे किंवा रस्त्याकडे न वळवता. वकीलसाहेबांनी तो कागद मला वाचून दाखवला आणि देवापुढे ठेवला. मी उचलून चहाच्या डब्याखाली ठेवला.

आता शेटजींनी स्वतः गोळी झाडायची होती. त्यांच्या घरी दोन दिवस खल झाला आणि त्यातून एक तोड निघाली. गोळी आभाळात जाईल, पाखराला लागणार नाही, नुसता आवाज होईल. पण जिवाला भेडसावणं हेही पापच. म्हणून धापूबाईंनी ठरवलं की आधी पाखरांना पोटभर दाणा घालायचा, मगच घाबरवायचं. भुकेल्या जिवाला घाबरवू नये, इतकं त्यांचं साधं म्हणणं. बाई खरोखर दयाळू होती. तिच्या दयेला फक्त दिशा नव्हती.

त्या दिवशी दोन दमण्या जुंपून सगळे निघालो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, बेसनाचे लाडू, सतरंजी. पंच म्हणून वकीलसाहेब आणि शेटजींचे भाचे जुगलकिशोर. मागच्या गाडीत ज्वारीची पोती होती, आडतीतली, निवडक. धापूबाईंनी स्वतःच्या हातानं ती ज्वारी बांधावर लांबपर्यंत पसरली. कडूबा मचाणावरून बघत होता. गोजरबाई खाली उभी होती, हातात डबा तसाच.

"बाई, हितं नका टाकू," ती त्या बसलेल्या घशानं म्हणाली. "लांब टाका. नदीकडं."

"अगं, तिथं पाखरं कुठं हायेत?" धापूबाई म्हणाल्या.

भोरड्या आल्या. बांधावर आल्या आणि मग आणखी आल्या. त्या दिवसापर्यंत ज्यांना ते रान माहीत नव्हतं असे थवेही आले असावेत, कारण आभाळ एका बाजूनं काळवंडलं. त्या जेवत होत्या तोवर आम्हीही सतरंजीवर जेवून घेतलं. नंतर शेटजींनी नवकार मंत्र म्हटला, डोळे मिटले आणि खटका ओढला. रायफलच्या दस्त्यानं त्यांना मागं ढेकळात बसवलं. भाचे धावले. भोरड्या एकदम उठल्या, भर्रकन एक गिरकी घेतली आणि बांध सोडून मधोमध कडूबाच्या शाळूवर उतरल्या. मचाणावरून कडूबा ओरडत होता, गोफण फिरवत होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, कारण सगळे शेटजींचा खांदा चोळत होते.

"कायदेशीर कारवाई पूर्ण झाली," वकीलसाहेब म्हणाले आणि त्यांनी रिकामं काडतूस रुमालात बांधून घेतलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण शेटजींचा खांदा सुजला आणि ते पापाचंच फळ असं धापूबाईंना वाटलं. त्यांनी महिनाभर त्याच बांधावर रोज दाणा टाकायचा संकल्प केला. गडी रोज पोतं घेऊन जायचा. भोरड्या बांधावर न्याहारी करायच्या आणि जेवायला शाळूत जायच्या.

खळं झालं तेव्हा रास बघून मला रडू आलं. मी रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही. वकीलसाहेबांना शेटजींनी मुद्दाम बोलावलं होतं, आणि हट्टानं मीही गेले होते. रास निम्मी-निम्मी झाली. मग शेटजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "वकीलसाब, बांधावर जो दाणा पडला तो राखणीसाठीच पडला. गोळी झाडली म्हणून प्रायश्चित्त. आणि राखण तर बटईदाराची. बराबर?"

वकीलसाहेबांनी विचार केला. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "रिवाज बघता," ते म्हणाले, "राखणीचा खर्च बटईदाराकडे जातो खरा." कुळकायद्याचं पुस्तक आमच्याच कपाटात होतं. नवंकोरं, वरच्या फळीवर. बटईनं करणाऱ्याचं त्यात पुष्कळ काही होतं म्हणतात. पण ते उघडायची फी कोणी दिली नव्हती.

कडूबाच्या निम्म्यातून दाणा वजा झाला. उरलं ते गोजरबाईनं एका लुगड्यात बांधलं. त्याला पोतंसुद्धा लागलं नाही.

पुढल्याच आठवड्यात शेटजी पुन्हा आमच्या बैठकीत. खांद्याला अजून पट्टी होती आणि चेहऱ्यावर खरं दुःख होतं. संकल्पाचे काही दिवस अजून बाकी होते, दाणा पडतच होता. पण आता पाखरांच्या आधी गोजरबाई बांधावर जाऊन बसायची. हातानं खडे-माती बाजूला सारून ज्वारी सुपात भरायची आणि घरी न्यायची.

"वकीलसाब, ती ज्वारी पाखरांच्या नावानं सोडलेली हाय," शेटजी म्हणाले. "माणसानं उचलली तर धापूचं पुण्य कुठं जाईल? मला त्या बाईचं वाईट करायचं न्हाई. पण कायदा काय म्हणतो? चोरी होते का ही?"

"छान मुद्दा आहे," आमचे हे म्हणाले, आणि त्यांचा हात पुस्तकाकडे गेला. "मालकी सोडली असेल तर वेगळं, आणि विशिष्ट उद्देशानं सोडली असेल तर…"

मी बैठकीत आले. पदर डोक्यावर होता, पण बाकी काही ताब्यात नव्हतं.

"शेटजी, रायफल कुठाय?" मी विचारलं.

"घरी हाय, वहिनी. टांगलेली."

"मग अडचण कसली? परवानगीचा कागद आमच्या चहाच्या डब्याखाली आहे. शेत तेच, बांध तोच. दिवसाउजेडी जा, जातीनं जा. यांना पंच म्हणून न्या, मी पुऱ्या करून देते. ज्वारी खायला येईल त्याच्यावर गोळी झाडायची कायद्यानं सोय केलीये ना तुमची? झाडा. फक्त आधी तिला पोटभर जेवू घाला. भुकेल्या जिवाला घाबरवू नये म्हणतात."

शेटजी उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं. त्यांनी मला हात जोडले, पायांत वहाणा सरकवल्या आणि ते गेले. "चांगलं अशील होतं," वकीलसाहेब एवढंच म्हणाले.

मला वाटलं, माणसाला लागलं. लागलं होतंच. कारण शेटजींनी गोजरबाईला कोणाकडून हटकवलं नाही, चौकीवर कळवलं नाही, एक वावगा शब्द काढला नाही. त्यांनी फक्त दाणा हलवला. दुसऱ्या दिवसापासून धापूबाईंची ज्वारी जुन्या जालन्यात त्यांच्याच आडतीच्या गच्चीवर पडू लागली. तिथं कबुतरं येतात, आणि जिन्याला कुलूप असतं.

गोजरबाई दोन दिवस मोकळ्या बांधावर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी ती आणि कडूबा मंठ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले.