अर्नी पाण्यात उतरला

अर्नी हॅड्रिल नदीत उतरला तेव्हा काठावर आम्ही डझनभर माणसं होतो, आणि एकाच्याही तोंडून हाक निघाली नाही. ते मला अजून पचलेलं नाही.

क्वीन्सलँडच्या पार उत्तरेला, उसाची शेतं संपून खारफुटी सुरू होते तिथे आमच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमा मगरीचा. एका दृश्यात नायकाच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर पुढच्या दृश्यातही ते उघडंच हवं, असल्या गोष्टींवर डोळा ठेवणं हे माझं काम. आमची मगर रबराची होती. नदी मात्र खरी होती आणि तिच्यातल्या मगरीही खऱ्या, म्हणून अर्नीला आमच्या राखणीला ठेवलं होतं. उभा जन्म त्याने त्या नदीवर पर्यटकांची बोट चालवली होती. रोज सकाळी तो आम्हाला गोळा करून तेच तेच सांगायचा. पाण्याच्या कडेला जायचं नाही. काठावर वाकायचं नाही. हातातलं काही पाण्यात पडलं तर ते गेलं, त्याच्या नावाने आंघोळ करून मोकळं व्हायचं.

भांडण झालं ते ब्रॉनीच्या पटकथेवरून. ब्रॉनी म्हणजे ब्रॉनविन, आमची लेखिका. पन्नाशीची, जाड भिंगांचा चष्मा लावणारी, हातात कायम गार झालेला चहा. तिच्या कथेत नायक मगरीच्या तावडीतून सुटून काठावर येतो आणि हातातलं घड्याळ पडलं म्हणून पुन्हा पाण्यात शिरतो. नायकाचं काम करणारा सेफो मूळचा सामोआ बेटांवरच्या कुटुंबातला, ब्रिस्बेनमध्ये वाढलेला, धिप्पाड गडी. तो अडूनच बसला.

"ब्रॉनी, हा माणूस ठार वेडा आहे का गं? मगरीने होडी उलटवली, याच्या मित्राला खाल्लं, आणि हा घड्याळासाठी परत जातो? माझ्या भाच्या पडद्यावर पॉपकॉर्न फेकतील!"

"घड्याळ त्याच्या वडिलांचं आहे," ब्रॉनी म्हणाली.

"अगं, वडील स्वतः पाण्यात असते तरी मी दोनदा विचार केला असता!"

सगळे खो खो हसले. सर्वांत मोठ्याने अर्नी. ब्रॉनीचा चेहरा लाल झाला. आपली पात्रं मूर्ख असतात हे ती वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

"माणसं अशीच वागतात, अर्नी," ती म्हणाली.

"सिनेमात वागतात. इथे तसं वागणारा मला अजून भेटायचाय."

ती तंबूत जाऊन बसली आणि तिने ते पान बदललं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवं दृश्य केलं. सेफो पाण्याकडे बघतो, रिकाम्या मनगटाकडे बघतो, मान हलवतो, पिकअपमध्ये बसतो आणि निघून जातो.

दिग्दर्शक गार्थने टोपी आपटली नाही एवढंच. "झालं? मग राहिलेला तासभर मगरीने काय करायचं? पत्ते खेळायचे?"

जेवणाची सुट्टी झाली. होडी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार होता, त्याच्या वरच्या टोकाला सावलीत बसून आम्ही मटण भरलेल्या पेस्ट्र्या खात होतो. वारा सुटला होता. अर्नी उताराच्या मध्यावर उभा राहून नदीकडे बघत होता. वाऱ्याने त्याची टोपी उडाली आणि काठाजवळच पाण्यात पडली.

अर्नीने बूट काढले. पँटचे पाय दुमडले, आधी उजवा, मग डावा, नीट, घाई न करता. आणि पाण्यात उतरला.

मला वाटलं, त्याला ठाऊक असेल. इथे काही नाही हे त्याने बघितलं असेल. सेफो तर हसला, त्याला वाटलं अर्नी ब्रॉनीची थट्टा करतोय. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. अर्नीने वाकून टोपी उचलली, झटकली आणि आमच्याकडे वळला.

त्याच्या मागे पाणी नुसतं वर आलं. आवाज नाही, शिंतोडे नाहीत. आधी फुगवटा आला, मग जबडा. त्याचा डावा हात कोपरापर्यंत त्यात गेला आणि तो आडवा झाला.

"कट!" गार्थ ओरडला. "कट! कट!"

तो मगरीला सांगत होता. पुन्हा पुन्हा, बेंबीच्या देठापासून.

आणि मी? मी उतारावर गेले, अर्नीचे बूट उचलले आणि शेजारी शेजारी नीट ठेवले. नाड्या आत सारल्या. हे मी केलं. माझ्यापासून दहा पावलांवर एका माणसाला नदी ओढून नेत होती आणि मी नाड्या आत सारत होते.

सेफो उलट दिशेला पळाला. पिकअपमध्ये शिरून त्याने दार लावलं आणि खिडकीची काचसुद्धा वर केली. पाण्यात गेली ती ब्रॉनी. चष्मा लावून, चपला घालून, कंबरेपर्यंत. तिने अर्नीचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, मागे रेलली आणि एक शब्द न बोलता ओढत राहिली.

मग भोंगा वाजला. सेफोने गाडी उतारावरून खाली आणली, भोंग्यावरचा हात न काढता, आणि पुढची चाकं थेट पाण्यात घातली. मगरीने सोडलं. भोंग्याला बुजून, की तिला हवं ते मिळालं म्हणून, कोण जाणे. अर्नीचा हात कोपराखाली नव्हता.

आम्ही त्याला वर ओढलं. सेफोने स्वतःचा पट्टा त्याच्या दंडाला आवळला. अर्नीचे ओठ पांढरे पडले होते.

"माझी टोपी कुठंय?" त्याने विचारलं.

ती त्याच्या उजव्या हातात होती.

हेलिकॉप्टरने त्याला इस्पितळात नेलं. ऑपरेशन झालं, धोका टळला. दुसऱ्या दिवशी दुपारी ब्रॉनी आणि मी गेलो तेव्हा त्याची बायको लॉरेल पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती शाळेची बस चालवते. अंगात अजून बसचा गणवेश होता.

"तू पाण्यात होतास?" ती विचारत होती.

"हो."

"तू?"

"हो, लॉरी."

"कशाला?"

"टोपी पडली."

लॉरेल हसायला लागली. ते हसू थांबेना, मग त्याचं हसूही राहिलं नाही. नर्स धावत आली. लॉरेलने तिचा हात झटकला.

"घरात खुंटीवर टोप्यांची रांग आहे, अर्नी! नातवंडांना काठावरून दगड मारू देत नाहीस तू. आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याशी वर्षभर बोलला नाहीस, का तर त्याने नदीत हात धुतले!"

"ठाऊक आहे."

"मग?"

अर्नी छताकडे बघत म्हणाला, "मी आठवून बघतोय गं. पाय ओले झाले ते आठवतं. पाणी गार लागलं ते आठवतं. जायचं ठरवल्याचं काही आठवत नाही."

बाहेर व्हरांड्यात ब्रॉनी बाकावर बसली. तिच्या तळव्यांवर पट्ट्याचे वळ उठले होते.

"मेरिन, मी किती आत गेले होते?"

"कंबरेपर्यंत."

"मला पोहता येत नाही," ती म्हणाली.

सिनेमा पुढे दक्षिणेत एका तलावात पुरा झाला, पटकथा वेगळ्याच लेखकाची. ब्रॉनीने तिचं नाव काढून घेतलं. त्या मगरीला सरकारी लोकांनी सापळा लावून पकडलं. सेफो अजून दर नाताळला अर्नीकडे येतो. अर्नीने नदी सोडली, आता तो घरामागे पपया लावतो आणि एका हाताने फावडं चालवतो. ओळखीचे, अनोळखी, सगळे त्याला विचारतात की तू गेलास तरी कसा. तो म्हणतो, लॉरेलला विचारा. लॉरेल म्हणते, मला काय विचारता, मी बस चालवत होते.