होळीपर्यंत म्हणून नेलेला नगारा

मित्रांनो, मी मानोऱ्याजवळच्या एका तांड्याचा जुना नगारा आहे. सध्या विद्यापीठाच्या काचेच्या कपाटात पडून आहे. माझं बोलणं टोचलं तर टोचू द्या. गोड बोलायला मी काही सत्काराला आलेला पाहुणा नाही.

माझं तांब्याचं भांडं कुणी घडवलं ते आठवत नाही. कातडं मात्र मला वाजवणाऱ्या देवलाने चढवलं. होळीला तो मला आधी जाळाशी धरायचा. कातडं तापून ताणलं की मगच काठी पडायची. वर्षभरात जन्मलेल्या लेकरांची धुंड, म्हणजे आशीर्वादाचा विधी, माझ्या आवाजात व्हायची. तांड्याचा नायक रामसिंग म्हणायचा, "नगारा वाजला, म्हंजे पोरगं तांड्याचं झालं."

गेल्या साली, म्हणजे एकोणीसशे चोपन्नला, एक प्राध्यापक आमची गाणी लिहून घ्यायला आले. तांड्यातल्या रामीबाईच्या हातच्या भाकरी हाणल्या आणि निघताना मलाच मागितलं. "होळीपर्यंत आणून देतो," म्हणाले. पाहुण्याला नाही म्हणायची तांड्यात रीत नाही. तिथेच घात झाला.

वर्षाच्या आतच त्यांचा ग्रंथ आला आणि गाजला. थोर संशोधक म्हणून नाव झालं. विद्यापीठाने त्यांना शाल जाहीर केली, मला कपाट दिलं. होळीच्या तोंडावर रामसिंग मोटारीने आला.

"साहेब, नातवाची धुंड हाये. नगारा न्याले आलो."

"अहो, तांड्यात उंदीर कुरतडतील याला. इथे तो सुरक्षित आहे."

"उंदरायले कायले भेऊ जी? त्यायनं आजवर नाही नेला."

शिपायाने त्याला बाहेर काढलं. सत्काराच्या दिवशी साहेबांनी पाहुण्यांसमोर मला बडवलं. मी न शेकलेला, थंडगार. भद्द आवाज निघाला. "म्हातारा झालाय!" म्हणून साहेब हसले, सभा हसली. माझं काळीज जळलं, पण त्याने कातडं तापत नाही.

होळीनंतर रामसिंग पुन्हा आला. मागायला नाही.

"धुंड तेलाच्या डब्यावर केली," तो म्हणाला. "तुमी पुस्तकात लेहलं ना, तांड्यात होळीले नगारा वाजते म्हनून? ते खोडा."

साहेबांनी काही खोडलं नाही. माझ्यावरची धूळ मात्र न चुकता पुसून घेतात. मित्रांनो, याला जपणं म्हणू नका. जपायचं असेल तर कपाट उघडा, मला मानोऱ्याच्या मोटारीत घाला आणि जाळाशी नेऊन ठेवा. पुढच्या होळीला तांड्यात आणखी लेकरं धुंडीला बसतील. त्यांच्या वाट्याला तरी तेलाचा डबा नको.