सतराऐवजी वीस

कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत, आणि तिला त्याचा कधी राग आला नाही. तपासणी खात्यात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला आणखी काय म्हणणार? यंत्रावरून उतरलेला प्रत्येक नग तिच्या टेबलावरून जायचा. केसाएवढा फरक असला तरी ती तो बाजूला काढायची, मग समोर साहेब उभा असो नाहीतर साहेबाचा साहेब.

घरी मात्र हेच नाव धाकटा दीर चेष्टेनं घ्यायचा, तेव्हा तिच्या डोक्यात तिडीक जायची.

घरची गाडी सात सीटची एसयूव्ही. कागदोपत्री नवऱ्याची, पण चालवायची ती. मुलांचे क्लास, बाजार, आणि दर सोमवारी सासूबाईंना घेऊन हॉस्पिटल. सासूबाईंच्या मणक्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. दर आठवड्याला तिथे व्यायाम करून घेत, आणि ते चुकवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. टायर आता झिजून पार गोटा झाले होते आणि मागच्या एकाला बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. तो आधी दिसला तो तिलाच. ड्रायव्हरच्या दाराजवळ खांबावर कंपनीची पट्टी असते, त्यावरचं माप तिनं कागदावर उतरवून घेतलं. रुंदी दोनशे पस्तीस, रिम सतरा इंची, वजन पेलण्याचा आकडा एकशे आठ. तीन दुकानांत फोन केले आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

"रविवारी मी येते, मग जाऊ," ती नवऱ्याला म्हणाली.

"हो हो," नवरा म्हणाला.

शनिवारी तिची पहिली पाळी होती. दुपारी ती घरी आली तर अंगणात सगळं घर गोळा झालेलं. गाडीला काळीभोर, चकचकीत, वीस इंची अलॉय चाकं बसली होती. भोवती रबराची जेमतेम एक पट्टी. मुलगी फोटो काढत होती, आणि दीर गाडीला टेकून असा उभा होता, जणू गाडी त्यानंच जन्माला घातली.

"काय वहिनी? कशी दिसते? आता वाटते की नाही गाडी?"

"आधी काय होती? हातगाडी?" ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "रविवार ठरला होता ना आपला?"

"अगं, हा मोकळा होता आज. त्याच्या ओळखीचं दुकान आहे. आणि तुला सरप्राइज."

ती आत गेली, फ्रिजवरचा कागद आणि पिशवीतली टेप घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत चाकाशी उकिडवी बसली. दीर हसला. "निघाली बघा फूटपट्टी!"

ती शांतपणे वाचत गेली. रुंदी दोनशे पंचावन्न. रबराची उंची पूर्वीपेक्षा जवळजवळ चार सेंटिमीटरनं कमी. वजनाचा आकडा एकशे एक.

"कंपनी एकशे आठ म्हणते. हे एकशे एक आहे. तक्त्यात बघा, एका चाकामागे पावणेदोनशे किलो कमी. सात माणसं बसतात या गाडीत."

"टायरवाला म्हणाला, बाहेरून माप तेवढंच आहे," नवरा म्हणाला. "चाकाची उंची मिलिमीटरानं बदललेली नाही."

"बाहेरून तेवढंच, आणि आतलं लोखंड तीन इंचांनी वाढलं. मग ते आलं कुठून? रबर खाऊन आलं ना? खड्ड्यात धक्का कोण झेलणार आता, तू?"

धाकट्या भावासमोर बायकोनं असं बोललेलं नवऱ्याला लागलं. तो पटकन बोलून गेला, "तुझ्या कारखान्यातलं इथे नको. गाडीतलं तुला काय कळतं?"

मुलीनं फोन खाली घेतला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी नीट कळलं. एकवीस वर्षं माणसं तिच्या सहीवाचून माल बाहेर पाठवत नव्हती, आणि स्वतःच्या अंगणात तिला काही कळत नव्हतं. ती टेप गुंडाळून आत गेली. त्या दिवशी तिनं पोळ्या लाटल्या तेव्हा शेजारच्या घरापर्यंत आवाज गेला असेल.

सोमवारी ती सासूबाईंना घेऊन निघाली. फाटकातून बाहेर काढताना स्टीअरिंग पूर्ण वळवलं, तसं पुढचं चाक आतल्या प्लास्टिकला खर्रकन घासलं. तिनं ओठ आवळले. पहिल्या स्पीडब्रेकरवर ती बैलगाडीच्या वेगानं गेली, तरी मागून दबलेला श्वास ऐकू आला. पुलापाशी रस्ता उखडलेला होता. कितीही चुकवलं तरी एक खड्डा चाकाखाली आलाच. धाडकन आवाज झाला, आणि त्याबरोबर सासूबाई "आई गं!" करून ओरडल्या.

तिनं गाडी कडेला घेतली आणि मागे गेली. सासूबाईंनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली होती आणि कपाळावर घाम आला होता.

"फार लागलं का?"

"नाही गं. चालव तू."

"आई, खरं सांगा."

"सांगितलं ना, नाही लागलं."

हॉस्पिटलातून परत येताना त्या वाटभर डोळे मिटून बसल्या. घरी आल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या सोमवारपासून मी नाही येत. घरीच करते व्यायाम. तुलाही किती दगदग."

"माझी दगदग काढू नका मध्ये. चाकांमुळे दुखतंय, म्हणून येत नाही म्हणताय ना?"

सासूबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. "पोरानं हौसेनं आणलंय. कसं बोलायचं?"

आता मात्र तिला नवऱ्यापेक्षाही सासूबाईंचा राग आला. पोराच्या हौसेपायी ही बाई जन्माची वाकून चालायला तयार होती! त्यांना काही बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मणका जपायचा होता त्यांचा.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. त्याला बूटही काढू न देता ती म्हणाली, "गाडीत बस. मागे, मधल्या रांगेत. आई बसतात तिथे."

"कशाला?"

"बस म्हणते ना."

तिचा चेहरा बघून तो बसला. ती पुलाच्या रस्त्याला लागली. मुद्दाम जोरात नेली नाही, की खड्डाही शोधला नाही. सकाळी जशी चालवली होती तशीच चालवली. दुसऱ्या स्पीडब्रेकरला तो म्हणाला, "जरा हळू." पुलापाशी गाडी आदळली तेव्हा त्याचं डोकं खिडकीवरच्या हँडलवर आपटलं आणि तो ओरडला, "अगं, माणूस बसलाय मागे! किती जोरात चालवतेस?"

"वीसवर आहे काटा. वाकून बघ."

त्यानं वाकून बघितलं.

"सकाळी इथेच आई ओरडल्या. यापुढे हॉस्पिटलला येत नाही म्हणतात. का, तर पोरानं हौसेनं आणलंय. मला काही कळत नाही, ठीक आहे. पाठ कशी दुखते ते तर त्यांना कळतं ना?"

तो डोकं चोळत राहिला. मग म्हणाला, "मला वाटलं नव्हतं इतकं..."

"वाटायला कशाला हवं? फ्रिजवर लिहून ठेवलं होतं!"

तिनं गाडी वळवली ती थेट टायरच्या दुकानात. टायरवाला लगबगीनं पुढे आला आणि नवऱ्याशी बोलायला लागला. "या साहेब! कशी पळते गाडी?"

"पळते, फक्त माणसं बसत नाहीत तीत," ती म्हणाली. "जुनी सतराची रिम काढा. त्यावर या मापाचे नवे टायर लावा, आणि ही चाकं ठेवून घ्या."

टायरवाला तिच्याकडे न बघताच नवऱ्याला म्हणाला, "साहेब, मॅडमना सांगा, लावलेला माल परत होत नाही. आणि चालवून चालवून बसतात हे टायर, सवय होते."

"माझ्याशी बोला. गाडी मी चालवते," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शेजारी हवा भरायला थांबलेला माणूस वळून बघू लागला. तिनं गाडीचं दार उघडून खांबावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे वाचा. एकशे आठ. आता तुमच्या टायरवरचं वाचा. मोठ्यानं."

तो पुन्हा नवऱ्याकडे बघू लागला.

"बरं. मग एका कागदावर लिहून द्या. कंपनीनं एकशे आठ सांगितलेलं असताना मी एकशे एक लावले, आणि सात माणसं बसली तरी चालतात. खाली सही आणि दुकानाचा शिक्का. एवढं दिलंत की मी चालले."

हवा भरायला आलेला माणूस वाकून स्वतःच्या टायरवरचे आकडे बघू लागला. टायरवाल्यानं मान खाजवली. "ठेवून घेतो मॅडम. पण तुमची जुनी रिम माझ्याकडे कुठे आहे? ती तर धाकट्या साहेबांनी त्याच दिवशी नेली."

नवरा चमकला. "तो तर म्हणाला, तुम्ही बदल्यात ठेवून घेतली."

"मी कशाला ठेवू? त्यांच्याच गाडीला बसवून दिली मी. त्यांची गाडी त्याच कंपनीची ना, बरोब्बर बसतात."

तिला हसावं की ओरडावं कळेना. दिराला वीस इंचीचा एवढा पुळका कुठून आला होता, ते आता उघड झालं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दिराचं घर दोन गल्ल्या पलीकडे. गाडी दारातच उभी होती. हॉस्पिटलच्या फाटकाला घासून पडलेला तिच्या हातचा लांबलचक ओरखडा पुढच्या रिमवर तसाच होता. दीर बाहेर आला, दोघांना बघितलं आणि आधी हसला. "अरे दादा! वहिनी! आत या ना."

नवरा नुसता चाकांकडे बघत राहिला. त्याचं असंच होतं, धाकट्यासमोर त्याच्या तोंडाला कुलूप लागायचं. म्हणून तीच बोलणार होती, पण तेवढ्यात तो खाली वाकला, रिमवर हात ठेवला आणि म्हणाला, "आईच्या कानावर जाईल असं काही बोलायचं नाही मला. जॅक आण."

"अरे, एवढ्याशा चाकांसाठी... माझी वाकडी झाली होती. तुला नवीन मिळाली, माझंही काम झालं. बिघडलं काय?"

"मागितली असतीस तर दिली असती. जॅक आण."

"वहिनीनं कान भरलेत तुझे."

"कान नाही भरले," ती म्हणाली. "मागच्या सीटवर बसवलं. तुम्हालाही बसवू का, भाऊजी? रस्ता अजून तसाच आहे."

दीर मुकाट्यानं जॅक घेऊन आला. चारही चाकं काढायला बराच वेळ गेला. पाना नवऱ्याच्या हातात होता, आणि नट घट्ट होते, आणि तो घामाघूम झाला. ती हात बांधून उभी राहिली. मदत केली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं अर्धी रजा टाकली आणि दुकानात उभं राहून टायर बसवून घेतले. टायरवाल्यानं आता विचारलं तेही तिलाच, "हवा किती ठेवू मॅडम?" तिनं पट्टी बघून सांगितली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

तिनं हातातली किल्ली टेबलावर आपटली. "माझ्या मनासारखं? गाडीच्या मापासारखं झालंय! माझ्या मनासारखं व्हायचं असेल तर शनिवारी अंगणात सगळ्यांसमोर जे बोललास, ते सगळ्यांसमोर परत घे."

त्यानं जेवताना मुलांसमोर आणि आईसमोर ते परत घेतलं. अडखळत, ताटात बघत, पण घेतलं. दीर मात्र दोन महिने घरी फिरकला नाही, आणि तिनं त्याला बोलावणंही धाडलं नाही.

त्याच्या पुढच्याच सोमवारी, चाकं बदलल्यावर, सासूबाई पुन्हा गाडीत बसल्या. पुलावरचा खड्डा आला आणि गेला. तिनं आरशातून बघितलं. चेहरा ठीक होता, पण तिच्या पोटातला राग अजून शमला नव्हता.

"आई, एक सांगते. पुन्हा कधी दुखलं आणि माझ्यापासून लपवलंत, तर मी तुमच्याशी बोलणार नाही. हौस बिऊस मला सांगायची नाही. दुखतं तर दुखतं म्हणायचं."

"सांगू म्हणतेस?"

"सांगायचंच."

सासूबाईंनी घसा साफ केला. "मग ब्रेक फार कचकन दाबतेस तू. हा एसी माझ्या मानेवर येतो. आणि ती तुझी पाठीमागची उशी, ती दगड आहे नुसता. चार महिने झाले सांगीन सांगीन म्हणते."

तिच्या नाकपुड्या फुगल्या. पुढे सिग्नल लाल झाला. तिनं ब्रेकवर पाय ठेवला, आणि अगदी हळू दाबला.