जरा ट्रबलसम

इंग्लंडला आल्या आल्या आमच्या ह्यांनी, डॉक्टर शशिधरांनी, मला बजावलं होतं, "श्यामला, गोरा पेशंट दुखणं 'अ बिट ट्रबलसम' आहे म्हणाला, की हातातला चहा ठेवून धावायचं. आपल्याकडे करंगळी कापली तरी मेलो मेलो. इथे खरंच मरणारा एवढंच म्हणतो." मी हसले होते. ट्रबलसम म्हणजे त्रासदायक, त्यात काय एवढं?

पस्तीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलात गोऱ्यांची दुखणी ऐकली. २००५ च्या मार्चमधल्या एका रविवारी जेवणानंतर ते म्हणाले, "छातीत जरा ट्रबलसम वाटतंय गं." मी भांडी घासत होते. "आधी सहा-सहा बटाटेवडे चापायचे, आणि मग ट्रबलसम!" असं फणकारून मी त्यांच्या हातावर ओवा ठेवला. स्वतः डॉक्टर, पण तोही त्यांनी मुकाट्याने चावला. माणूस कधीच इथला होऊन गेला होता आणि मला पत्ता नव्हता. मी चहा घेऊन आले तोवर सगळं संपलं होतं.

त्या ओव्याचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

मुलगा सुश्रुत बेसिंगस्टोकला असतो. जन्म इथलाच. रोज संध्याकाळी सहाला त्याचा फोन. "आई, कशी आहेस?" "मजेत." आपल्या बायकांना दुसरं उत्तर कुठे येतं? पोरांना उगाच त्रास नको. मग तो हवेचं सांगतो, मी आमटीचं. फोन ठेवला की स्टॅनमोरचं हे तीन खोल्यांचं घर खायला उठतं. एकदा तर टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईलाच मी विचारलं, "जेवलीस का गं?"

वर्ष असंच गेलं. परवा त्याने विचारलं, आणि "मजेत" काही केल्या तोंडातून निघेना. फोनवर रडणाऱ्यातली मी नव्हे. म्हटलं, "संध्याकाळ अ बिट ट्रबलसम होते रे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो बायकोला ओरडला, "चैत्राली, गाडीचा चावी कुठे ठेवला?" आणि मला म्हणाला, "आई, तू फक्त बसून रहा. मी येतो. दीड तासात पोचतो."

एरवी मी त्याचं मराठी सुधारलं असतं. "अरे, कशाला त्रास घेतोस," हेही ओठांवर आलं होतं. दोन्ही गिळलं, आणि दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.