चार डब्यांतली दारू

आर्डेलने बत्तीस वर्षं विस्कॉन्सिनच्या एका डेअरीत दुधाचं फॅट मोजलं. निवृत्त झाल्यावर दूध सुटलं, मोजायची खाज काही सुटली नाही. ती त्याने तळघरात नेली. निशाणेबाजीच्या रिव्हॉल्व्हरची काडतुसं तो स्वतः भरायचा. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू मापून ओतायची, वर गोळी दाबायची. ही दारू प्यायची नव्हे, उडवायची. पण माणसाचं डोकं फिरवण्यात दोघी सारख्याच.

त्या हिवाळ्यात त्याने चार तऱ्हेच्या दारूचे चार डबे आणले आणि श्रेष्ठ कोण, याचा निकाल लावायला बसला. पहिली मापातून पाण्यासारखी ओघळायची, पण नळीत काजळी धरायची. दुसरीचे पापुद्रे मापालाच चिकटून बसायचे. चौथी थंडीत रुसायची. तिसरी मात्र मऊ. हाताला झटका कमी. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हा दर शनिवारी क्लबात जाऊन कागदाला भोकं पाडणार, घरी आणून त्यांच्यातलं अंतर मोजणार, वहीत लिहिणार. मार्चमध्ये तिसरी जिंकली. केसभर फरकाने. तिसऱ्या कॉफीनंतर आर्डेलचा हात याहून जास्त थरथरायचा. पण वहीत हाताचा रकाना नव्हता.

"एवढ्या काळजीने कधी माझ्यासाठी केक मापला असतास तर," बायको लव्हॉन म्हणाली.

"केक चुकला तर स्फोट होत नाही, लव्हॉन."

"माझा होतो."

तिचा भाऊ ऑरिन गेली तीस वर्षं त्या पहिल्या, काजळीवाल्या दारूवरच होता आणि दर वर्षी क्लबाच्या स्पर्धेत आर्डेलला हरवत होता. अर्थात, हा योगायोग होता. स्पर्धेच्या सकाळी आर्डेल एका हाताने काडतुसं भरत होता आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून ऑरिनला त्याच्या दारूचे दोष मुद्देसूद समजावत होता.

"अरे, कागदाला काय कळतंय कुठल्या डब्यातली आहे ते!" ऑरिन म्हणाला.

"कळतं. दुपारी बघच."

दुपारी आर्डेलचे पहिले पाच बार छान गेले. सहाव्याला नुसतंच 'फुस्स' झालं. कागदावर नवं भोक नाही. म्हणजे गोळी जुन्याच भोकातून गेली, असं ठरवून आर्डेलने शेजारच्या ऑरिनकडे विजयी मुद्रेने पाहिलं, पुढची काडतुसं भरली आणि पुन्हा चापावर बोट ठेवलं.

"थांब! बोट काढ, आर्डेल!" रेंजवर देखरेख करणारी बर्नाडीन ओरडली. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. तिच्या आवाजाला न थांबणारा माणूस त्या तालुक्यात नव्हता.

"अगं, ही मऊ दारू आहे. हिचा आवाजच असा..."

"मऊ?" तिने रिव्हॉल्व्हर रिकामं करून नळीत पितळी सळई घातली. ती अर्ध्यावरच अडली. "अरे बाबा, दारू घातलीच नाहीस तू!"

खरंच होतं. नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी निघाली आणि नळीच्या मध्यावर जाऊन बसली. मागून दुसरी आली असती, तर नळी फुटली असती. बोटंही गेली असती. ऑरिनने टोमणा न मारता आर्डेलचं सामान आवरायला घेतलं. चाळीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच.

घरी येऊन आर्डेलने उरलेली काडतुसं एकेक करून उकलली. आणखी दोन रिकामी निघाली. "आणि म्हणे मोजतो..." असं लव्हॉन म्हणणार होती, पण तिने त्याची शाबूत दहा बोटं पाहिली, खुर्ची ओढली आणि गोळ्या एकीकडे, पुंगळ्या एकीकडे लावू लागली.

रविवारी चर्च सुटल्यावर तो स्वतःच ऑरिनकडे गेला. टोमणे एकदाचे खाऊन टाकावेत म्हणून. ऑरिन त्याला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. रंगाच्या डब्यांमागून त्याने टॉवेलात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर काढलं. नळी मधेच फुगलेली, बेडूक गिळलेल्या सापासारखी.

"सत्त्याऐंशी साल," तो म्हणाला. "रेडिओवर बेसबॉल ऐकत भरत होतो. एक पुंगळी कोरडीच राहिली, आणि मला थांबवायला बर्नाडीन नव्हती. लव्हॉनला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही."

आर्डेलने ते बराच वेळ हातात फिरवलं.

"त्याच्या मागून उडालेल्या काडतुसात कुठली दारू होती?"

"माझी नेहमीचीच. का?"

"नाही, म्हणजे नळी फुगवली ती तुझ्या दारूने. माझ्या दारूने अजून कुणाचं काही..."

ऑरिनने रिव्हॉल्व्हर हिसकावून घेतलं. "चल, जेवायला. आणि हे माझ्या बहिणीला सांगितलंस ना, तर वहीसकट तळ्यात बुडवीन."

आर्डेलने गुपित राखलं. सोमवारी दुपारपर्यंत.