दयेची फळी

फ्रिजच्या पोटात बर्फाचा ढीग धाडकन कोसळला आणि जागृतीच्या तोंडातलं तेराव्या शतकातलं फ्रान्स जागच्या जागी थांबलं. ओट्याशी ती श्वास रोखून उभी राहिली. बेडरूममध्ये काही हालचाल नाही. रुही झोपलेली दिसते. तिने समोर मांडलेल्या मसाल्याच्या बरण्यांच्या दोन रांगांमधून पुन्हा बोट चालवलं आणि कुजबुजत सुरुवात केली, "तर मंडळी, हे दोन्ही बाजूंचे खांब, आणि मधला हा..."

"आई, हू आर यू टॉकिंग टू?"

दारात रुही. एका पायात मोजा, केसांचं घरटं झालेलं.

"जिऱ्याशी."

"इज ही लिसनिंग?"

"तुझ्या बाबापेक्षा बरा ऐकतो," जागृती म्हणाली आणि तिला कडेवर घेतलं. दुपारची झोप संपली, फ्रान्सही संपलं.

परीक्षा उद्या होती. घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर, न्यू जर्सीतल्याच एका टेकडीवर, एक जुनं फ्रेंच चर्च उभं होतं. म्हणजे उभं केलेलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा साबणवाल्या शेटला ते युरोपात फिरताना आवडलं. इतर माणसं अशा वेळी फार तर फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट घेतात. शेटने चर्च घेतलं. दगड सुटे केले, प्रत्येकावर नंबर घातला, पेट्यांत भरून बोटीने आणले आणि इथे पुन्हा जोडले. शेट गेला, साबण गेला, चर्चचं म्युझियम झालं. तिथे लोकांना फिरवून माहिती सांगणारे स्वयंसेवक हवे होते. पगार शून्य, आणि निवड एक फेरी घेऊन दाखवल्यावर.

"फुकटची नोकरी, अन् तिला पण इंटरव्ह्यू," तिचा नवरा प्रफुल्ल म्हणाला होता. "हे अमेरिकेतच होऊ शकते, यार."

डिपेंडंट व्हिसावर तिला पगाराची नोकरी करताच येत नव्हती, तेव्हा शून्याचं तिला काही वाटलं नाही. नागपूरला तिने लेण्यांवर एम.ए. केलं होतं, वर सुवर्णपदक. त्यानंतर लग्न, विमान, रुही. आता पाच वर्षं तिची सगळी वाक्यं "आ कर", "खाली उतर" आणि "ते तोंडात घालू नको" यांत बसत होती. तिला एकदाच बघायचं होतं, की मोठ्या माणसांसमोर उभं राहून, आपल्याला जे येतं ते सलग बोलता येतं का अजून, की ते पदकाबरोबर आईच्या कपाटातच राहिलं.

देवाचं काय करणार, असंही प्रफुल्लने विचारलं होतं. देवाची तिला अडचण नव्हती. देव या विषयाशी दोघांच्याही घराण्यांनी आजोबांच्या पिढीतच काडीमोड घेतला होता, आणि काडीमोड घेतलेल्या माणसाला दुसऱ्याच्या संसाराकडे जरा मोकळेपणाने बघता येतं. शिवाय चर्चचा नकाशा पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती लायब्ररीत मोठ्याने हसली होती. मध्ये लांबट दालन, दोन्हीकडे खांबांच्या रांगा, टोकाला अर्धगोल. हे तर आपलं कार्लं. जिथे स्तूप, तिथे यांनी वेदी ठेवली, एवढाच फरक. अन् आपलं हजारावर वर्षं आधीचं, हे वाक्य तिने इंटरव्ह्यूसाठी मुद्दाम गाळलं होतं.

शनिवारी सकाळी रुहीला सांभाळणार होता प्रफुल्ल. सकाळी आठला त्याचा फोन वाजला आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं.

"जागू, सर्व्हर झोपला. आज रिलीज आहे माझं."

"माझंपण आजच आहे."

"काहून घाबरते तू? घेऊन जा तिला. रंगीत काचा आहेत ना तिथे. बसंल पाहत."

रुही बसली नाही. तीन शिकाऊ स्वयंसेवक आणि परीक्षक डॉरथी यांच्यापुढून ती निमूट चालली खरी, पण आईच्या ओढणीचं टोक धरून. डॉरथी सत्तरीची, निवृत्त शिक्षिका, गळ्यात साखळीला चष्मा. तिने आधीच बजावलं होतं, "शेवटी प्रश्न विचारू द्यायचे. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणायचं. लोकांना थापा लगेच कळतात, हनी."

सुरुवात बरी झाली. पहिलं वाक्य पुरं झालं. दुसरंही. मग जागृतीने सगळ्यांना वर, खांबाच्या माथ्याकडे बघायला लावलं. तिथे एक दगडी माणूस वाकून, पाद्रीबुवांच्या उभं राहायच्या जागेकडे, आपला उघडा... माहितीपुस्तकात त्याला 'विनोदी आकृती' म्हटलं होतं. जागृती योग्य इंग्रजी शब्द शोधत राहिली.

"बम," रुही म्हणाली.

"अगदी बरोबर," जागृती म्हणाली. "मजुरी वेळेवर मिळाली नसेल. किंवा प्रवचन लांबलं असेल."

डॉरथीने वहीत काहीतरी टिपलं. चेहऱ्यावरून कळेना.

आणि मग ते झालं. वेदीच्या मागून अर्धगोल फिरणारी एक अरुंद वाट होती. जागृती आपल्या नादात बोलत डावीकडून आत शिरली. लहानपणापासून दीक्षाभूमीवर आईचं बोट धरून फिरलेली मुलगी. मधली वस्तू उजव्या हाताला ठेवून चालायचं, यात विचार कसला करायचा. म्युझियमचा रस्ता मात्र उलट्या बाजूने होता. तसा बाण भिंतीवर होता, तो तिच्या पाठीमागे गेला.

मध्यावर समोरून वॉकर आला. त्यामागे आणखी एक. मग वॉकरच वॉकर. जवळच्या वृद्धाश्रमाची सहल होती. चाकांचे वॉकर त्या गल्लीत वळेनात, मागच्यांना पुढे काय झालंय ते कळेना.

"ओ डिअर," मागून डॉरथी म्हणाली.

जागृतीची कानशिलं तापली. संपलं, असं तिला वाटलं. रुहीने हात वर केले, तिने तिला कडेवर उचललं, आणि कडेवर पोर आलं की तोंड आपोआप सुरू होतं, तसं ते सुरू झालं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे असंच फिरतात, घड्याळाच्या काट्यांसारखं. पण ही वाट बांधलीच होती गर्दीसाठी. इथे एका संताचं हाड ठेवलेलं असायचं. ते बघायला गावंच्या गावं यायची, आणि पुढे प्रार्थना करणाऱ्या मठवासीयांना त्यांचा गोंगाट नको असायचा. म्हणून लोकांना मागच्या गल्लीतून फिरवायचं. आज तुम्ही आम्ही जे करतोय ना, ते इथे फार जुनं आहे. फक्त तेव्हा कुणी सॉरी म्हणत नसेल."

सगळ्यात पुढच्या वॉकरवाल्या आजी हसल्या. "मग संताचं हाड कुठंय?"

"साबणवाल्याने आणलं नाही. चर्चबरोबर मोफत मिळत नसेल."

हळूहळू मागे सरकत सगळी वरात बाहेर आली, मठवासीयांच्या लाकडी खुर्च्यांपाशी. आता ऐकणारे दुप्पट झाले होते. जागृतीने दोरीच्या अलीकडूनच एका खुर्चीच्या वर उचललेल्या बैठकीच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे ओंजळीएवढी एक फळी होती, आणि फळीखाली कोरलेली एक बाई नवऱ्याच्या डोक्यात डाव घालत होती.

"यांना तासन्‌तास उभं राहून प्रार्थना करायला लागायची. बसायचं नाही, असा नियम. म्हातारे कुरकुरायला लागले. मग बैठक वर उचलली की ढुंगण टेकण्यापुरती फळी मिळेल, अशी ती तिच्या खाली बसवली. देवाला दिसायचे उभे, असायचे टेकलेले. या फळीचं नावच दया."

तिने रुहीचं वजन एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं.

"ही झोपायची नाही तेव्हा मी किचनच्या ओट्याला अशीच टेकून उभी राहायचे. त्याला काही नाव असतं हे मला माहीत नव्हतं."

मग त्या आजींनी आपल्या वॉकरची घडीची बैठक खाली पाडली, तीवर बसता बसता पुन्हा उठल्या, बैठक उचलून तिच्या खाली वाकून पाहिलं.

"माझ्याखाली काहीच कोरलेलं नाही," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. "नवरा तर मलाही होता."

हशा पिकला. डॉरथीने चष्मा काढून डोळे पुसले. "पुढच्या शनिवारी बाण बघून चालायचं, हनी," ती म्हणाली. "बाकीचं आहे तसंच ठेव. प्रश्न?"

पुढचा शनिवार. जागृतीने ते दोन शब्द मनात घडी घालून ठेवले. सगळे एकमेकांकडे बघत होते, हात कुणी वर केला नाही. मग तिच्या कडेवरून, शाळेत करतात तसा ताठ, एक छोटा हात वर गेला. रुही खांबाच्या बुडाशी असलेल्या एका दगडावरच्या पुसट नंबराकडे बघत होती.

"येस, यंग लेडी?" डॉरथी म्हणाली.

एरवी मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी मुलगी या वेळी आईच्या गालाला हात लावून मराठीत बोलली, आणि काय विचारलं ते ऐकायला सगळी म्हातारी मंडळी, डॉरथीसकट, जागृतीच्या तोंडाकडे बघू लागली.

"आई, हे सगळं इथे आणलं, तर तिथे आता काय आहे?"